माल घरात, मुले कुठे?

बेळगावात घरबसल्या साड्या आणि खण विकणाऱ्या भगिनींची संख्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली नाही. आपल्या शाळेच्या पालकांतही अशा माता आहेत. इळकलहून साड्या आणायच्या, गुळेदगुड्डहून खण आणायचे, दुपारच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढायचे, व्हॉट्सअॅपच्या गटात टाकायचे आणि पुणे, ठाणे, नाशिककडे कुरिअरने रवाना करायचे. काही जणी मोठ्या ऑनलाइन बाजारांतूनही विकतात. या व्यवसायाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून हातावर हात ठेवून न बसता चार पैसे उभे करणाऱ्या बाईचे कौतुकच केले पाहिजे. शिवाय मराठी घरातल्या बाईला इरकल आणि खण यांची जी पारख असते, ती दुसऱ्या कोणाला शिकवून येत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. हा सारा माल ठेवायचा कुठे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली, म्हणून खात्रीने सांगतो की या धंद्यात विकणे सोपे आणि ठेवणे अवघड आहे. पेढीला गोदाम असते, गोदामाला कुलूप असते, आणि संध्याकाळी मालक घरी गेला की माल त्याच्यामागून घरी येत नाही. घरच्या धंद्यात घर हेच गोदाम. पहिल्या महिन्यात साड्या कपाटाच्या एका कप्प्यात मावतात. दिवाळीपर्यंत त्या खाटेखाली जातात. मग माळ्यावर, मग पाहुण्यांच्या दिवाणात, आणि शेवटी ज्या जागेवर कोणी हक्क सांगत नाही त्या जागेवर. घरात अशी जागा एकच असते, ती म्हणजे मुलाच्या अभ्यासाचे टेबल. मूल बिचारे तक्रार करत नाही. ते वही घेऊन स्वयंपाकघरात कट्ट्याशी बसते, नाहीतर दूरदर्शन संचासमोर जमिनीवर. गृहभेटीला जाणाऱ्या शिक्षकांना हे चित्र नवीन नाही.

दोन खोल्यांच्या घरात टेबल रिकामे कुठून ठेवणार, असे कोणी म्हणेल. रास्त आहे. पण मग तेवढ्याच घरात दीडशे साड्या कुठून ठेवणार, हा प्रश्नही त्याच रास्तपणे विचारायला हवा, आणि तो माल आणण्यापूर्वी विचारायला हवा. माझे स्पष्ट मत असे आहे की घरातून विकणाऱ्याने एक कपाट ठरवावे. माल त्या कपाटाबाहेर आला की खरेदी थांबवावी. दुसरे कपाट घेऊ नये.

हे मत ऐकून काही जणी हसतात. "काका, माल हातात नसेल तर गिऱ्हाईक थांबत नाही," असे सांगतात. त्यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. जरा भूगोल पाहा. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या बाईला इरकल विकायची असेल तर तिला साठा करावाच लागतो, कारण माग तिच्यापासून दूर आहेत. आपण मागांच्या दारात राहतो. इळकल आणि गुळेदगुड्ड दोन्ही गावे बागलकोट जिल्ह्यात आहेत. सकाळी निघून माल पाहून रात्रीपर्यंत परत येता येते, आणि एकदा विणकराशी किंवा तिथल्या व्यापाऱ्याशी ओळख पडली की फोनवर फोटो मागवून मालवाहू बसने बोचके आणता येते. शहापूर-वडगावचे माग तर घरापासून रिक्षाच्या अंतरावर. ही आपली खरी पुंजी आहे. जवळ राहण्याचा हा फायदा सोडून आपण मुंबईच्या दुकानदारासारखा सहा महिन्यांचा साठा का करतो, हे मला समजत नाही. गोदाम तिकडे मागाशी आहेच. त्याची दुसरी प्रत घरात कशाला?

यावर उत्तर मिळते ते घाऊक दराचे. पन्नास साड्या एकदम घेतल्या तर नगामागे शंभर रुपये कमी पडतात, मग दहा-दहा का घ्यायच्या? इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. उदाहरणादाखल धरू की साडी १,००० रुपयांना पडली आणि १,३०० ला विकली. पन्नास साड्यांचे भांडवल ५०,००० रुपये. हे भांडवल नुसते परत यायला एकोणचाळीस साड्या विकल्या गेल्या पाहिजेत. एकोणचाळिसाव्या साडीपर्यंत नफा केवळ ७०० रुपये, आणि त्यात कुरिअर, पिशव्या, परत आलेले पार्सल यांचा खर्च धरलेला नाही. सारा नफा शेवटच्या अकरा साड्यांत आहे. आता आठवून पाहा, पन्नासातल्या शेवटच्या अकरा साड्या कोणत्या असतात? ज्या कोणी पसंत केल्या नाहीत त्याच. रंग उठावाचा नाही, काठ जुना वाटतो, पदरावर विणकामात बारीक खोट आहे. म्हणजे वर्षभर राबून मिळवलेला नफा रोख रकमेच्या रूपात बँकेत जात नाही, तो नको असलेल्या साड्यांच्या रूपात मुलाच्या टेबलावर जाऊन बसतो. आणि बाई मात्र समजते की धंदा बरा चालला आहे, कारण पार्सले रोज जातात. नगामागे वाचलेले शंभर रुपये त्या अकरा साड्यांनी केव्हाच गिळलेले असतात.

सणांच्या मालाचे तर विचारूच नका. आपल्याकडे कापडाला पंचांग आहे. श्रावणात मंगळागौरीसाठी नऊवारी, भाद्रपदात गौरीसाठी खण, दसरा-दिवाळीला भारी साडी, पौषात संक्रांतीसाठी काळी, चैत्रात गुढीला खण. यातली काळी साडी सर्वांत फसवी. डिसेंबरच्या अखेरीस तिला असा उठाव असतो की वाटते, आणखी तीस आणायला हव्यात. संक्रांत उलटली की तीच साडी पुढच्या पौषापर्यंत कोणी हातात धरत नाही. लग्नकार्यात काळा रंग चालत नाही, हे वेगळे सांगायला नको. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात केलेली काळ्या साड्यांची खरेदी म्हणजे एक वर्षाची साठवण विकत घेणे. त्यापेक्षा "आता संपल्या, पुढच्या वर्षी आधी सांगा" असे गिऱ्हाइकाला म्हणावे. गिऱ्हाईक तुटत नाही. उलट पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच विचारते. खणाचे तसे नाही. ओटीला, चोळीला, तोरणाला, पिशवीला तो बारमाही लागतो, घडी लहान असते आणि कपाटात जागाही कमी खातो. एक कपाट नेमून घ्यायचे ठरवले की कोणता माल जागेचे भाडे फेडतो आणि कोणता नुसताच राहतो, हे आपोआप कळू लागते.

आता साठवणुकीच्या प्रत्यक्ष रीतीकडे वळतो, कारण बेळगावच्या पावसापुढे भलेभले दुकानदार हात टेकतात. आषाढात आपल्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. भिंतीला ओल येते, माळ्यावरच्या वस्तूंना कुबट वास लागतो. हवेत इतका दमटपणा असला की कापडावर बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि खळ दिलेल्या सुती कापडावर ती आधी धरते. इरकलीचे अंग परंपरेने सुती आणि पदर रेशमी. दोन्हींचे ताणे फासांनी एकमेकांत अडकवून साडी विणतात, त्यालाच 'तोपे तेणी' म्हणतात. म्हणजे एकाच साडीत दोन स्वभाव. सुती अंगाची खळ कसरीला आवडते, रेशमी पदर घडीवर चिरण्याची भीती. आज बाजारात येणाऱ्या पुष्कळशा इरकली यंत्रमागावरच्या आणि कृत्रिम रेशमाच्या असतात. त्यांना कीड कमी लागते हे खरे, पण बुरशीचा डाग त्यांच्यावरही पडतो आणि तो धुऊन जाईलच असे नाही. डागाळलेली साडी नवी म्हणून विकता येत नाही, आणि विकूही नये.

पेढीवर आम्ही पाळत होतो त्या गोष्टी साध्या होत्या. माल कधीही जमिनीवर ठेवायचा नाही, खाली फळी किंवा विटांवर टाकलेले पाट हवेत. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवायचे नाही, चार बोटे जागा सोडायची, म्हणजे मागून वारा फिरतो. साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून महिनोन् महिने ठेवायची नाही. दमट दिवसात बंद केलेली पिशवी ओल आतच कोंडते. धुतलेल्या जुन्या धोतरात किंवा मलमलीत गुंडाळावी, प्लॅस्टिक फक्त कुरिअरच्या दिवशी. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर जर आणि रेशीम एकाच रेघेवर तुटते. पाऊस ओसरला की सावलीत वारा द्यावा. उन्हात नको, गडद रंग एका दुपारीत उतरतो. आणखी एक गोष्ट घरच्या धंद्यात फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे वास. स्वयंपाकघराशेजारच्या कपाटातली साडी फोडणीचा वास धरते, देवघराजवळची उदबत्तीचा. आपल्या नाकाला सवय झालेली असते, आपल्याला कळत नाही. पुण्यात पाकीट उघडणाऱ्या बाईला पहिल्या क्षणी कळते, आणि तिला ती साडी वापरलेली वाटते.

डांबराच्या गोळ्यांविषयी मात्र मी जरा कडक बोलणार आहे. कसर लागू नये म्हणून साड्यांत मूठभर गोळ्या टाकायच्या आणि तेच कपाट मुलांच्या निजण्याच्या खोलीत ठेवायचे, ही पद्धत बंद झाली पाहिजे. या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलीन असते. त्याची वाफ बंद खोलीत साचते. काही बालकांच्या रक्तात जन्मतःच एक विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या नॅफ्थलीनने फुटू शकतात. तान्ह्या मुलांना तर त्याचा धोका अधिक. गोळी पेपरमिंटसारखी दिसते, हा वेगळाच धोका. आपल्या आज्या वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुलिंब फडक्यात बांधून ट्रंकेत टाकत. त्याने कसर शंभर टक्के थांबते असा माझा दावा नाही. पण माल कमी असला आणि पंधरवड्याने हात फिरत असला तर कसरीला मुळात सवडच मिळत नाही. कीड लागते ती विसरलेल्या कापडाला.

परत आलेल्या पार्सलांची कथा आणखी वेगळी. ऑनलाइन विक्रीत काही माल परत येणारच. कोणाला रंग फोटोपेक्षा फिका वाटतो, कोणी पैसे देऊन पार्सल घ्यायलाच नकार देते. हा माल घरी आला की तो थेट कपाटात सरकवू नये. त्याच दिवशी उघडून, पूर्ण घडी मोडून, पदरापासून काठापर्यंत उजेडात पाहावा. अत्तराचा वास, पावडरीचा डाग, फॉलसाठी टोचलेली टाचणी, काहीही निघते. त्यासाठी एक वेगळी टोपली असावी आणि ती आठवड्याला रिकामी व्हावी. जिथे ही टोपली नसते तिथे परत आलेली साडी नव्यांत मिसळते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन पुन्हा परत येते. दोन्ही वेळचे कुरिअर आपल्याच खिशातून.

आणि वही. कपाट लहान असो वा मोठे, साठ्याची वही हवीच. शंभर पानी वही पुरते. प्रत्येक साडीला क्रमांक द्यावा, तो लहानशा चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने बांधावा (टाचणी नको, गंजाचा डाग पडतो), आणि वहीत आणल्याची तारीख, खरेदीचा भाव, कप्पा आणि गेल्याची तारीख अशी चार घरे करावीत. आधी आलेला माल आधी जायला हवा, आणि ते तारखेशिवाय कळत नाही. चार महिने ज्या ओळीत शेवटचे घर कोरे आहे, त्या साडीचा भाव उतरवून ती खरेदीच्या भावात का होईना काढून टाकावी. बाया इथे अडतात. "एवढी चांगली साडी, तोट्यात कशी देऊ?" असे म्हणतात. ती साडी कपाटात आणखी दोन पावसाळे काढील तेव्हा तिला त्या भावातही कोणी घेणार नाही. मोबाईलमधल्या फोटोंवर भरवसा ठेवणाऱ्यांना एकच सांगतो: विकून गेलेल्या साडीचा फोटो गटात तसाच राहतो, ऑर्डर येते, आणि मग रात्री अकरा वाजता सारे घर माळा उपसत बसते.

या शोधमोहिमेत मुलांना जुंपले जाते, हे मला सर्वांत खटकते. आईला मदत करावी, पार्सलावर पत्ता लिहावा, हिशेबाची बेरीज करून द्यावी. यात वाईट काही नाही, उलट पाचवी-सहावीच्या मुलाला टक्केवारी पुस्तकापेक्षा इथे चांगली समजते. पण दहावीच्या वर्षात मुलीने रोज संध्याकाळी दीड तास साड्यांच्या घड्या घालायच्या आणि रात्री त्या साड्यांच्याच गठ्ठ्याला टेकून प्रमेये पाठ करायची, याला मदत म्हणत नाहीत. धंदा मुलांच्या फीसाठी सुरू केला, असे प्रत्येक आई सांगते आणि ते खरे असते. मग फी भरलेल्या मुलाला बसायला जागा हवी की नको?

अलीकडे एक सूचना कानावर आली, तिच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मराठी शाळांतली पटसंख्या घटली आहे, काही वर्गखोल्या रिकाम्या पडल्या आहेत, तेव्हा त्या पालक-भगिनींना माल ठेवायला नाममात्र भाड्याने द्याव्यात, शाळेलाही चार पैसे मिळतील, अशी ती सूचना. हेतू चांगला आहे हे मान्य. माझा मात्र तिला पूर्ण विरोध आहे. कापड, पुठ्ठा आणि प्लॅस्टिक एकत्र रचलेली खोली आगीच्या दृष्टीने काय असते हे मला ठाऊक आहे, आणि शेजारच्या खोलीत मुले बसलेली असताना तो धोका कोणी पत्करू नये. पण त्याहून मोठे कारण असे की माल आत शिरलेली खोली पुन्हा खोली होत नाही. घरात टेबलाचे जे झाले तेच वर्गाचे होईल. पुढच्या वर्षी दहा मुले वाढली तर आपण गठ्ठे हलवणार की मुलांना व्हरांड्यात बसवणार? बेळगावात मराठी वर्ग चालू ठेवण्यासाठी ज्यांनी हाडाची काडे केली, त्यांच्यापुढे गोदामाचे भाडे ही फार स्वस्त किंमत झाली. रिकाम्या वर्गात वाचनालय चालवा, सायंकाळी अभ्यासिका उघडा. ज्यांच्या घरी टेबलावर साड्या आहेत त्यांची मुले तिथे येऊन बसतील. आज एवढे करता आले तरी पुष्कळ.

ज्यांचा व्यवसाय खरोखरच कपाटात मावेनासा झाला आहे, त्यांनी चार-पाच जणींनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावी. बचत गटांना एकत्र हिशेब ठेवण्याची सवय असतेच. प्रत्येकीचे फडताळ वेगळे, कुलूप वेगळे, वही वेगळी, भाडे समान. खोली निवडताना तळघर किंवा सखल भाग टाळावा. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. दिव्याची बटणे आणि इन्व्हर्टर मालापासून लांब असावेत.

कागदपत्रांचेही थोडे पाहायला हवे. आपले बहुतेक गिऱ्हाईक महाराष्ट्रात, म्हणजे राज्याच्या सीमेपलीकडे आहे. राज्याबाहेर माल विकताना जीएसटीची नोंदणी साधारणपणे उलाढाल कितीही लहान असली तरी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना अटींसह सवलत आहे. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारांतून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना नोंदणीतून सूट मिळाली, पण पुण्याला जाणारे पार्सल त्यात बसत नाही. नोंदणी घेतली की माल जिथे ठेवला आहे ती जागाही तिच्यात दाखवावी लागते, मग ते घर असो वा भाड्याची खोली. आपली बाब कशात बसते हे एकदा कर सल्लागाराकडून विचारून घ्यावे. विम्याचेही असेच. घराचा विमा घरातल्या संसाराचा असतो, विक्रीच्या मालाचा नव्हे. एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची वेगळी पॉलिसी विमा कंपन्यांकडे मिळते, तिच्यात साठा धरता येतो. अर्थात विमा उतरवायचा तर साठा किती हे सांगता आले पाहिजे, आणि तिथे पुन्हा ती शंभर पानी वहीच कामाला येते.

दसऱ्याची खरेदी सुरू होण्यापूर्वी कपाट एकदा पूर्ण रिकामे करून मोजदाद करावी, असे मी सुचवीन. त्याला एक रविवार पुरतो. चार महिन्यांवरच्या साड्या वेगळ्या काढाव्यात, त्यांचा खरेदीचा आकडा बेरीज करून मोठ्या अक्षरांत कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा, आणि मग इळकलला फोन करावा. साठ्याच्या वहीचे नमुन्याचे एक पान आखून ते मी शाळेच्या कार्यालयात ठेवले आहे. ज्या भगिनींना हवे असेल त्यांनी पालकसभेच्या दिवशी त्याची झेरॉक्स काढून घ्यावी.